दुसरं टोक

धाकटी इमारती मोजायची. साध्या नव्हे, एका जागी न राहणाऱ्या. घडी घालून ट्रकवर चढवता येणारं नाटकगृह, चाकांवरचा एक्स-रे विभाग, मेंढपाळांच्या ओढत न्यायच्या खोल्या, बोल्ट सोडवले की तीन तासांत नाहीसं होणारं प्रदर्शनाचं दालन. नऊ वर्षांत तिनं अशा त्र्याऐंशी वास्तू मोजून कागदावर आणल्या होत्या. ती ज्या संस्थेत संशोधन करायची तिथले बाकीचे लोक किल्ले आणि राजवाडे मोजत आणि जेवणाच्या सुट्टीत तिला विचारत, "काय गं, तुझी इमारत आज कुठे गेलीय?" ती म्हणे, "तुमची कुठे जाणार आहे बिचारी?"

तिचा एक नियम होता. एकटीनं माप घ्यायचं नाही. पहिल्याच वर्षी एका दालनाची रुंदी एकटीनं मोजताना तिनं एकवीस फुटांऐवजी बारा लिहिलं होतं. तेच छापून आलं. त्या नकाशावरून कुणीतरी छताचं कापड शिवून आणलं, आणि ते दालनावर चढवताना जो तमाशा झाला तो ती अजून विसरली नव्हती. तेव्हापासून तिनं पिवळ्या चिकटपट्ट्यांची रिळं छापून घेतली. दर वास्तूला एक नवं रीळ, पाचशे पट्ट्यांचं, क्रमांक आधीच छापलेले. उन्हापाण्यात न सुटणाऱ्या पट्ट्या. भिंतीवरच्या ज्या खुणेची नोंद घ्यायची तिच्याशेजारी एक चिकटवायची. तिच्यावर तारीख, माप आणि खाली दोन ओळी: 'मोजणारा' आणि 'दुसरं टोक'. टेपचं दुसरं टोक ज्यानं धरलं असेल त्याची सही त्या खालच्या ओळीवर. धरायला कुणी नसेल तर माप नाही. एकदा माळावर एक मेंढपाळ परत येईपर्यंत ती चार तास टेप गुंडाळून बसली होती. त्यानं सहीऐवजी अंगठा दिला. तोही तिला चालला. कोरी ओळ मात्र चालत नसे. आजवर लावलेल्या हजारो पट्ट्यांत तशी एकही नव्हती.

तिची थोरली बहीण नर्स होती. दोन तासांच्या अंतरावर नदीकाठच्या एका वस्तीत ती पत्र्याच्या शेडमध्ये बाळंतपणं करायची. पक्की खोली मिळावी म्हणून दोन वर्षं अर्ज करत होती. "पोरं काय मंजुरीची वाट बघत थांबतात?" असं ती प्रत्येक अर्जाच्या शेवटी लिहायची आणि धाकटी दर वेळी ते वाक्य खोडायची.

मग धाकटीला संस्थेच्या गोदामातलं ते घर आठवलं.

एकशे चौसष्ट भागांचं लाकडी घर. वीस फूट बाय चौदा, आढ्यापर्यंत अकरा फूट उंच, खाली सहा लोखंडी पाय. पाय स्क्रूसारखे फिरवले की वर-खाली होत, त्यामुळे जमीन कशीही असली तरी घर सरळ उभं राही. आजवर सहा मुक्काम झालेले: खाणीवरची शाळा, लसीकरण केंद्र, मिठागराचं ऑफिस, वाचनालय, रस्त्याच्या कामावरच्या मजुरांचं पाळणाघर आणि शेवटी टपाल कचेरी. धाकटीनं संस्थेला पटवलं, की फिरती वास्तू गोदामात ठेवून तिचा अभ्यास करणं म्हणजे पिंजऱ्यातल्या पक्ष्याचं उडणं मोजणं. संस्था तयार झाली, एका अटीवर: घर कुठे उभं करायचं ते धाकटीनं ठरवायचं आणि ते वापरण्याजोगं आहे अशा दाखल्यावर सहीही तिचीच.

"म्हणजे उद्या काही झालं तर सगळे माझ्याकडे बोट दाखवणार," ती फोनवर बहिणीला म्हणाली.

"मग काही होऊ देऊ नकोस," थोरली म्हणाली. "आणि ऐक, मोठी खिडकी सूर्य उगवतो त्या बाजूला हवी. टेबलावर सकाळचा उजेड पाहिजे मला."

गोदामात मिस्त्री होते. हे घर सहाही वेळा त्यांनीच उभं केलं होतं, त्यांनीच सोडवलं होतं. एकतीस वर्षं. आता निवृत्त झाले होते, पण घर हलणार म्हटल्यावर बोलावण्याची वाट न बघता हजर झाले. स्पिरिट लेव्हल त्यांना मान्य नव्हती. ते पाणी भरलेली पारदर्शक नळी वापरत. नळीची दोन टोकं घराच्या दोन कोपऱ्यांना लावायची, दोन्हीकडचं पाणी एका रेषेत येईपर्यंत खालचे पाय फिरवायचे.

"एक सूत फरक राहिला तर?" धाकटीनं विचारलं.

"तर मी घरी जात नाही, मॅडम."

घराचे सगळे भाग जमिनीवर मांडून चार दिवस त्यांनी मोजणी केली. मिस्त्री टेपचं टोक धरत, सही करत, आणि प्रत्येक खुणेची जन्मकथा सांगत. फळ्याच्या जागी लाकडात मुरलेला खडू. मिठागराच्या दिवसांत गंजून फुगलेले खिळे. पाळणाघरातल्या दोऱ्यांनी तुळईत पाडलेले खळगे. कुठल्याही खुणेवर बोट ठेवावं आणि ती कुठल्या मुक्कामाची ते त्यांनी सांगावं. असा साक्षीदार धाकटीला नऊ वर्षांत मिळाला नव्हता. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत दोनशे चार पट्ट्या झाल्या.

तेव्हा तिला ती रेघ दिसली. एका फळीवर, आतल्या बाजूनं, दोऱ्याइतकी बारीक, तपकिरी. मग शेजारच्या फळीवर. मग आणखी चारपाच फळ्यांवर.

"ही कधीची?"

मिस्त्रींनी चष्मा कपाळावर चढवला, वाकून बघितलं, अंगठ्यानं घासलं. "ही माझ्या माहितीतली नाही."

"गोदाम गळलं असेल."

"असेल," ते म्हणाले. पण त्यांनी वर छताकडे बघितलं नाही. रेघेकडेच बघत राहिले.

गोदाम गळलं नव्हतं, हे दुसऱ्या दिवशी कळलं. तपासणीसाठी त्यांनी घर अंगणात उभं केलं. सहा माणसं, साडेचार तास. मिस्त्रींनी नळी लावली, पाय फिरवले, समाधानानं मान हलवली. धाकटी आत गेली आणि मधोमध उभी राहून गोल फिरली.

फळ्याफळ्यांवरच्या तुटक रेघा जुळून एक झाल्या होत्या. ती चारही भिंतींवरून फिरली होती, कुठेही खंड न पडता. दाराच्या चौकटीवरूनसुद्धा गेली होती.

एकावर एक रचलेल्या फळ्या भिजल्या असत्या तर प्रत्येकीवर डाग वेगळ्या जागी पडला असता. अशी एकसंध रेघ एकाच प्रकारे उमटते. घर पूर्ण उभं असताना आत पाणी शिरतं, एका उंचीवर थांबतं आणि ओसरतं.

तिनं आठ ठिकाणी माप घेतलं. दोनशे पाच ते दोनशे बारा. बिनखिडकीच्या भिंतीवर रेघ जमिनीपासून तीन फूट आठ इंच होती. समोरच्या, मोठ्या खिडकीच्या भिंतीवर चार फूट दोन. वीस फुटांत सहा इंच तिरकी.

"पाणी तिरकं उभं राहत नाही," धाकटी म्हणाली. "म्हणजे घर तिरकं होतं. खिडकीची बाजू सहा इंच खचलेली."

मिस्त्रींनी शेवटच्या पट्टीवर सही केली, पेन तिला परत दिलं आणि पहिल्यांदाच आवाज चढवून म्हणाले, "मॅडम, माझं घर कधी सहा सूतसुद्धा तिरकं उभं नव्हतं. आणि ह्यात पाणी कधी शिरलेलं नाही. कधीच. पाहिजे तर विचारा सगळीकडे."

तिनं विचारलं. ती विचारणारीच होती, त्यांनी सांगितलं नसतं तरी. दोन दिवस फोनवर बसून तिनं सहाही मुक्कामांची माणसं शोधून काढली. खाणीवरच्या शाळेचे निवृत्त मास्तर म्हणाले, "पाणी? टँकर आला की आम्ही शाळा सोडायचो." मिठागराचा जुना कारकून बराच वेळ हसला. "अहो, तिथे आमचं कामच पाणी आटवायचं होतं!" टपाल कचेरी उंचावर होती, लसीकरण केंद्रही; पाळणाघर घाटात. वाचनालयाच्या बाईंनी तर शपथेवर सांगितलं, की ओली छत्रीसुद्धा आत आणू दिली नव्हती.

उलगडा झाला नाही, तरी धाकटी डगमगली नाही. न सापडलेली कारणं तिच्या लेखी फक्त उशिरा सापडणारी कारणं होती. तिनं रेघेवरची चिमूटभर माती खरवडून डबीत घेतली. नदीचा गाळ. उन्हात धरला की त्यात अभ्रकाचे कण चमकत. हा गाळ कुठल्या नदीचा ते कळलं की मुक्कामही कळेल, एवढं सरळ होतं.

त्याच आठवड्यात ती बहिणीकडे जागा बघायला गेली.

थोरली रस्त्यावरच उभी होती, कमरेला ॲप्रन तसाच. "आलात? या. वाट बघून बघून एक बाळंतपण उरकलंसुद्धा मी." तिनं धाकटीचा हात धरून तिला शेडच्या मागे नेलं. नदीच्या वळणावर सपाट केलेली जागा होती आणि तिच्यावर काँक्रीटचे सहा चौथरे घातलेले होते, घराच्या सहा पायांसाठी. वस्तीतल्या लोकांनी मिळून स्वतःच घातले होते, तिला खूश करायला. मापं बरोबर होती. थोरलीनं स्वतः टेप धरला होता.

"कसं आहे?" थोरलीनं विचारलं. असं ती लहानपणी स्वयंपाक करून विचारायची.

"छान आहे," धाकटी म्हणाली. तेवढ्यात तिचं लक्ष स्वतःच्या बुटांकडे गेलं. बुटांना चिकटलेला ओला गाळ उन्हात चमकत होता.

तिनं तो डबीतल्या गाळाशेजारी तळहातावर घेऊन बघितला. मग डबी बंद केली आणि पातळी मोजायची दुर्बीण उभी केली. चौथऱ्यांची पातळी घेतली. सहाही एका पातळीत होते. मग तिनं पहारीनं चौथऱ्यांच्या कडेची जमीन टोचून पाहिली. चार चौथऱ्यांखाली कठीण मुरूम लागला. उरलेल्या दोहोंखाली पहार हातभर सहज आत गेली. तिथे खड्डा होता, तो भरून घेतला होता.

ते दोन चौथरे मोठ्या खिडकीच्या बाजूचे होते.

"इथे नाही," ती म्हणाली. "वर, त्या टेकडीवर."

थोरलीला आधी वाटलं ती गंमत करतेय. मग तिचा चेहरा उतरला. "वर? बाईला कळा सुरू झाल्यात आणि तिनं टेकडी चढायची? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"भराव कच्चा आहे, ताई. दोन पाय खचतील."

"मग भराव पक्का करू. दगड घालू. चार दिवसांचं काम." थोरली जवळ आली. "खरं सांग. काय झालंय? आल्यापासून तोंड पाडून बसलीयस."

धाकटीनं रेघेबद्दल सांगितलं. तिरकेपणाबद्दल, अभ्रकाबद्दल. आपल्याच तोंडून ते ऐकताना तिला ते जरा पोकळ वाटलं, तरी तिनं पूर्ण सांगितलं.

"म्हणजे एक डाग दिसला म्हणून."

"डाग नाही. भराव."

"भराव तुला डागानंतर दिसला," थोरली म्हणाली.

ते खरं होतं.

धाकटीनं संस्थेला पत्र पाठवलं: नदीकाठच्या जागेतला भराव सैल असल्यानं वास्तू टेकडीवरच्या सपाटीवर उभारावी. कारण खरं होतं, पुरेसं होतं, कुणालाही तपासता येण्याजोगं होतं. रेघेचा उल्लेख तिनं केला नाही. दोनशे पाच ते दोनशे बारा या नोंदी तिनं अहवालातून वगळल्या. मोजलेली गोष्ट न लिहिण्याची ही तिची पहिलीच वेळ. पण भविष्यातला डाग असं काही असतं का, यावर संस्थेच्या बैठकीत चर्चा घडवून आणायची तिची इच्छा नव्हती.

थोरली तीन आठवडे बोलली नाही. पण बसूनही राहिली नाही. तिनं सुताराकडून एक खुर्ची करून घेतली, दोन बाजूंना लांब दांडे असलेली, चौघांनी खांद्यावर घ्यायची. टेकडीवर घर उभं राहिलं त्या दिवशी ती स्वतः त्या खुर्चीत बसून वर आली आणि उतरल्या उतरल्या म्हणाली, "ही तुझी पंच्याऐंशीवी इमारत. मोज आणि लिही."

"ताई, अबोला संपला का?"

"खुर्चीपुरता."

टेकडीवर कातळ होता. मिस्त्रींनी नळी लावली, पाय फिरवले, पुन्हा नळी लावली. संध्याकाळपर्यंत त्यांचं चाललं होतं. शेवटी उठून त्यांनी हात झटकले. "आता हे घर इथून हलायचं नाही," ते म्हणाले. आयुष्यभर घरं हलवलेल्या माणसाच्या तोंडी ते वाक्य कौतुकाचं होतं. मोठी खिडकी उगवतीला होती. तिच्यातून खाली दोनशे फुटांवर नदी दिसे, दोरीसारखी पडलेली. भिंतींवर रेघ तशीच होती आणि शेजारी पिवळ्या पट्ट्या. थोरलीनं टेबल मांडलं, दिवे लावून बघितले आणि रेघेकडे पाठ करून म्हणाली, "पुसून टाकू मी ती."

"राहू दे," धाकटी म्हणाली. "नोंद आहे ती."

दीड महिन्यानं नदीला पूर आला. वर डोंगरात पाऊस तीन दिवस कोसळला आणि चौथ्या दिवशी भर दुपारी पाणी वळणावर चढलं. माणसं वेळेत निघाली. शेड गेली, पत्र्यासकट. टेकडीवरच्या घरात त्या दिवशी दोन बाळंतपणं झाली आणि तिसरी बाई खुर्चीतून वर येताना वाटेतच मोकळी झाली. चौघा खांदेकऱ्यांपैकी एक चक्कर येऊन पडला, तो धरून थोरलीनं त्या दिवशीचे रुग्ण चार मोजले.

पाणी ओसरल्यावर धाकटी आली. थोरलीनं तिला मिठी मारली आणि बराच वेळ सोडलं नाही. मग दोघी खाली उतरून चौथरे बघायला गेल्या. चार जागेवर होते. खिडकीच्या बाजूचे दोन खचले होते. थोरलीनं मोजपट्टी धरली, धाकटीनं दुर्बिणीतून वाचलं.

"किती?" थोरलीनं विचारलं.

"सहा इंच."

न खचलेल्या चौथऱ्यांशेजारी एक झाड होतं. त्याच्या बुंध्यावर गाळाची रेघ होती. चौथऱ्यापासून पाच फूट आठ इंच. घराची जमीन चौथऱ्यावर दोन फूट उंच असते. दोन वजा केले की तीन फूट आठ उरतात. थोरलीला ही वजाबाकी सांगावी लागली नाही.

"तुझा डाग," ती हळूच म्हणाली. "माझी चूक झाली गं."

दोघी वर आल्या. धाकटी सरळ आत गेली आणि बिनखिडकीच्या भिंतीपाशी थांबली. पिवळी पट्टी होती. तिच्यावर तिची आणि मिस्त्रींची सही होती. शेजारचं लाकूड कोरं होतं. तिनं बोट फिरवलं, भिंग लावलं. चारही भिंतींवर आठ पट्ट्या आठ स्वच्छ जागा दाखवत होत्या.

"तू पुसलीस?"

"तू राहू दे म्हणालीस ना. हातसुद्धा लावला नाही."

धाकटी हसली. नऊ वर्षांत कुठल्याही वास्तूनं तिला इतकं नेटकं उत्तर दिलं नव्हतं. कारण तिला माहीत नव्हतं, पण आता त्याची निकडही राहिली नव्हती. तिनं वहीत लिहिलं, 'रेघ दिसत नाही', थोरलीची सही घेतली आणि तोवर राखून ठेवलेल्या वापराच्या दाखल्यावर स्वतःची ठोकली. मिस्त्रींना फोन केला. ते म्हणाले, "घराला कळलं असेल, आता गरज नाही म्हणून." आणि स्वतःच ओशाळून म्हणाले, "म्हातारा झालो, मॅडम. काहीही बोलतो."

त्यानंतर चार महिन्यांनी, एका स्वच्छ सकाळी, ती शेवटची पाहणी करायला टेकडीवर आली. अहवाल छापायला जायचा होता. आत टेबलाशेजारी आदल्या दिवशी झालेलं एक बाळ झोपलं होतं. त्याची आई बाहेर उन्हात केस वाळवत बसली होती. थोरलीनं चहा दिला.

"एक पट्टी काढायची राहिलीय तुझी," ती म्हणाली. "वर, आढ्याजवळ. मला कधी दिसली नव्हती. ह्या बाईनं दाखवली. टेबलावर पडून वर बघण्याशिवाय काम काय असतं? म्हणे, सिस्टर, ते पिवळं काय आहे?"

"आढ्याजवळ मी काही लावलेलं नाही."

"मग माझ्या आत्यानं लावलंय. बघ की."

धाकटीनं मान वर केली. आढ्याच्या जरा खाली, अंधुक भागात, एक पिवळा चौकोन होता.

शिडी आणली. थोरलीनं टेपचं टोक भिंतीच्या पायथ्याशी धरलं. धाकटी वर चढली.

आधी तिला रेघ दिसली. दोऱ्याइतकी बारीक. ती समोरच्या छताच्या उतारावरून जाऊन पलीकडच्या तिकोनी भिंतीवर गेली होती आणि तिथून दुसऱ्या उतारावरून परत आली होती. तिनं नख लावलं. नखात अभ्रक चमकलं.

"किती आहे?" खालून थोरलीनं विचारलं.

"दहा फूट चार इंच. आता खिडकीच्या बाजूला चल."

शिडी हलवली. थोरलीनं पुन्हा टोक धरलं.

दहा फूट चार इंच.

तिनं दोन्ही उतारांवर मापं घेतली. चारही ठिकाणी तेच. कुठेही एका सुताचासुद्धा फरक नव्हता. हे पाणी आलं तेव्हा घर सरळ उभं होतं. कातळावर, मिस्त्रींनी लावून दिलं होतं तसं.

खिडकीतून खाली नदी दिसत होती. दोनशे फुटांवर, दोरीसारखी.

तिनं पिशवीतून रीळ काढलं. शेवटची वापरलेली पट्टी दोनशे बारा. रिळावर बाहेर आलेली पट्टी दोनशे चौदा होती. तिच्याआधीच्या मेणकागदावर एक रिकामा, चकचकीत चौकोन होता.

"अगं, किती वेळ?" थोरली म्हणाली. "लिही की पटकन. मी धरलंय ना टोक."

धाकटी एक पायरी वर चढली आणि तिनं पट्टीवरची धूळ फुंकली. क्रमांक दोनशे तेरा. तारखेची शाई पाण्यानं फुटली होती, वाचता येत नव्हती. माप वाचता येत होतं. दहा फूट चार इंच. चारचा आकडा ती लिहायची तसा, वरून उघडा.

'मोजणारा' या शब्दापुढे तिची सही होती.

खालची ओळ कोरी होती.